विमानाचे पाय

अलास्का हे अमेरिकेतील सर्वांत विस्तीर्ण राज्य. परंतु तेथील वस्ती अतिशय विरळ आहे. उंच पर्वत, हिमनद्या आणि दलदली यांमुळे तेथील बहुतेक खेड्यांपर्यंत सडक पोहोचलेली नाही. राजधानीचे शहर जूनो, तेही बाहेरच्या जगाशी सडकेने जोडलेले नाही. १९२४ साली कार्ल बेन आयल्सन या वैमानिकाने फेअरबँक्सहून मॅकग्राथ या गावी विमानातून टपाल नेले. कुत्र्यांच्या घसरगाडीला त्या वाटेवर अडीच-तीन आठवडे लागत. आयल्सन तीन तासांच्या आत तेथे पोहोचला. पुढे टपाल, औषधे, धान्य आणि आजारी माणसे यांची ने-आण लहान विमानेच करू लागली.

पण आडरानात विमानाने उतरावे कोठे? हिवाळ्यात बर्फावर उतरण्यासाठी विमानाला चाकांऐवजी घसरपट्ट्या लावतात. बर्फ वितळल्यावर मात्र नदीकाठची वाळू आणि गोटे हीच धावपट्टी! लहान, टणक चाक तेथे वाळूत रुतते किंवा गोट्याला अडते आणि विमान नाकावर कोसळते. म्हणून 'पायपर सुपर कब'सारख्या हलक्या विमानांना मोठे, मऊ टायर बसवतात. त्यांतील काहींचा व्यास ३१ इंच असतो.

या टायरांत हवा थोडीच भरतात. मोटारीच्या टायरात दर चौरस इंचास सुमारे ३० पौंड दाब असतो. यांत आठ-दहा पौंड पुरतो. समजा, एका चाकावर ६०० पौंड भार आहे. दाब ३० पौंड असेल, तर टायरचा सुमारे २० चौरस इंच भाग जमिनीला टेकेल. दाब १० पौंड असेल, तर सुमारे ६० चौरस इंच टेकेल. भार अधिक जागेवर विभागला गेल्यामुळे चाक रुतत नाही. उंटाचे पसरट पाऊल वाळवंटात असेच उपयोगी पडते.

मग हवा आणखी कमी केली तर? तेही घातक आहे. ब्रेक लागताच सैल टायर चाकाच्या कड्यावर घसरतो आणि आतील ट्यूबच्या हवा भरण्याच्या नळीला हिसका बसून ती तुटू शकते. म्हणून टायर आणि कडे या दोहोंवरून रंगाची एक रेघ ओढतात. रेघेचे दोन तुकडे एकमेकांसमोरून सरकलेले दिसले, की टायर घसरला असे समजावे. थंडीचाही विचार करावा लागतो. २० अंश सेल्सियस तापमानाच्या कार्यशाळेत भरलेला १० पौंड दाब, बाहेर शून्य अंशाच्या थंडीत, हवा मुळीच न गळता, सुमारे सव्वाआठ पौंडांवर येतो. यास्तव उड्डाणापूर्वी टायर थंड असताना दाबमापकाने दाब पाहतात.

हवेइतकेच महत्त्व चाकाच्या समतोलाला आहे. टायरची एक बाजू किंचित जड असली, तर वेगाने फिरणारे चाक थरथरते आणि ती थरथर चाकाच्या दांड्यांतून साऱ्या विमानाला जाणवते. हा दोष शोधण्याची युक्ती सोपी आहे. चाक सहज फिरेल अशा आडव्या दांडीवर बसवून मोकळे सोडतात. जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. मग तिच्या बरोबर समोर, म्हणजे वरच्या बाजूला, लहानसे वजन चिकटवतात. चाक कोणत्याही स्थितीत ठेवले तरी जागचे हलेनासे झाले, म्हणजे समतोल साधला.

चाक उघडतानाही घाई चालत नाही. अशा चाकाचे कडे पुष्कळदा दोन अर्धे भाग बोल्टांनी जोडून केलेले असते. आतील हवा पूर्ण सोडल्यावाचून बोल्ट सैल केले, तर ते भाग उसळून कारागिराला गंभीर इजा करतात.

आजाऱ्यासाठी औषध घेऊन आलेले विमान नदीकाठी सुखरूप टेकते, तेव्हा सर्वांचे डोळे वैमानिकाकडे लागलेले असतात. परंतु ते टेकणे आदल्या दिवशी कार्यशाळेतच निश्चित झालेले असते. मोजून भरलेली हवा आणि योग्य जागी लावलेले बोटभर वजन यांवर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

स्वाध्याय
१. मोठ्या टायरांत कमी हवा का भरतात? उदाहरण देऊन सांगा.
२. टायर आणि कडे यांवर रंगाची रेघ कशासाठी ओढतात?
३. 'ते टेकणे आदल्या दिवशी कार्यशाळेतच निश्चित झालेले असते', या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.