नळ्या आणि सांगाडा

आपल्या मंडळ्यांतील पायपेटीत भात्याचा वारा पितळी रीडमधून जातो. पाइप ऑर्गनमध्ये तोच वारा शेकडो नळ्यांत शिरतो. प्रत्येक स्टॉपच्या नळ्या निराळ्या.

जर्मनीत हॅम्बुर्ग येथे संत याकोबाचे लूथरन ख्रिस्तमंदिर आहे. आर्प श्निटगर याने १६९३ साली तेथे ६० स्टॉपचा ऑर्गन पुरा केला. एवढा नावाजलेला कारागीर, पण आधीच्या ऑर्गनच्या पुष्कळ नळ्या त्याने मोडीत न घालता आपल्या कामात बसवल्या. १७२० साली बाखने तेथील वादकाची जागा मागितली होती. ती मिळाली मंदिराला ४००० मार्क देणाऱ्या दुसऱ्याला! असो.

१९१७ साली दर्शनी भागातील कथलाच्या नळ्या युद्धासाठी गेल्या. शब्बाथ शाळेत आम्ही मुलांना येथे थांबवून विचारतो, "मंदिरावर बॉम्ब पडणार असतील, तर ऑर्गनचे आधी काय काढाल?" बहुतेक मुले कोरीव सांगाडा म्हणतात, तो डोळ्यांत भरतो ना! दुसऱ्या महायुद्धात तेथील लोकांनी नळ्या व वाऱ्याच्या पेट्या उतरवून सुरक्षित ठेवल्या. १९४४ साली मंदिर जळाले, सांगाडाही गेला. स्वर राहिला.

युर्गेन आरेंड याने १९९३ साली जीर्णोद्धार पुरा केला. जुन्या नळ्या राखल्या, सांगाडा व दर्शनी नळ्या नव्याने घडवल्या. स्वरांची जुळणी मात्र जुन्या वळणाची ठेवली. त्यामुळे काही सुरावटी त्यावर बेसूर लागतात, आणि वादकालाच ऑर्गनला मानवेल असे संगीत निवडावे लागते.