लाज कृत्याची असावी, जन्माची नव्हे



कॉलेजात किंवा नोकरीच्या ठिकाणी कोणी 'पूर्ण नाव काय?' असे विचारले की आपली शिकलेली मुलेही क्षणभर अडखळतात. ज्या धर्माने आपल्याला अस्पृश्य ठरविले तो सोडून दोन-तीन पिढ्या झाल्या. तरीही ही लाज का उरली, याचा आपण विचार केला पाहिजे.

दि. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली व १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दीक्षा घेतली. पण मनाची मशागत त्याआधीच सुरू झाली होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडा, असे बजावले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडलाच त्यांनी स्त्रियांना जात दाखविणारी लुगड्याची पद्धत टाकून देण्यास सांगितले. लादलेली लाज नुसत्या उपदेशाने जात नाही. त्यासाठी राहणी बदलावी लागते, हे यातील मर्म होय.

२२ प्रतिज्ञांचा क्रमही तेच शिकवितो. आरंभीच्या प्रतिज्ञा जुने सोडण्याच्या आहेत. नवव्या प्रतिज्ञेत सर्व माणसे समान असल्याचे आपण मान्य करतो. पुढे अष्टांगमार्ग व शील येते आणि २१ व्या प्रतिज्ञेत नवा जन्म झाल्याचे आपण मानतो. जुने सोडल्यावर मोकळ्या जागेत समता आणि शील रुजले नाही, तर जुनी लाज पुन्हा येऊन बसते.

धम्म सर्वच लाजेला वाईट म्हणत नाही. वाईट कृत्य करताना वाटणाऱ्या लाजेला पालीत 'हिरी' म्हणतात व तो सद्गुण मानला आहे. जन्माची लाज मात्र धम्माला मान्य नाही. माणूस जन्माने नव्हे, कर्माने नीच वा श्रेष्ठ ठरतो, हे सुत्तनिपातातील वसलसुत्ताचे सार आहे. म्हणून विद्यार्थ्यांनी स्वतःला विचारावे, 'मी असे काय केले, की मला लाज वाटावी?' उत्तर 'काहीच नाही' असे आले, तर ती लाज आपली नाही. अस्पृश्यता पाळणाऱ्याची आहे.

थेरगाथेतील सुनीत थेरांचे उदाहरण घ्या. ते कोमेजलेली फुले झाडून काढीत. लोक त्यांचा तिरस्कार करीत. भगवंतांनी त्यांना संघात घेतले. पुढे अर्हत झाल्यावर त्यांनी आपले कुळ व काम स्वतःच्या तोंडाने सांगितले. लाजेतून मुक्त झालेला माणूस भूतकाळ लपवीत नाही.

पूर्वी दीक्षा घेतलेल्यांना केंद्राच्या सवलती मिळत नसत. म्हणून पुष्कळांनी कागदोपत्री जुनीच नोंद ठेवली. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांना त्या सवलती मिळाल्या. तथापि भाड्याच्या खोलीसाठी आजही कोणी आडनाव लपविले, तर त्याला हिणवू नये. दोष खोली नाकारणाऱ्याचा आहे. आपण त्याच्या पाठीशी उभे राहावे.

निजामपुऱ्यातील वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे. आपल्या आईवडिलांनी गावकीची कामे कशी सोडली, त्यासाठी काय सोसले, हे मुलांना मोकळेपणाने सांगा. ती हकीकत लाजेची नाही, धैर्याची आहे. ती कळली की मुले आपले नाव मान वर करून सांगतील.

जय भीम!