पाणी ओसरल्यावर चावी फिरवू नका

जुलै २०१८ चा पाऊस वसईकर विसरलेले नाहीत. वसई-विरार दरम्यान लोकल ठप्प झाल्या, वीज गेली, मिठागरांत माणसं अडकली. आमच्या एव्हरशाईन सिटीत रस्ता कुठला आणि गटार कुठलं ते कळत नव्हतं. पार्किंगमधल्या गाड्या बोनेटपर्यंत पाण्यात उभ्या होत्या. त्यात माझी सेकंडहँड ऑल्टोही होती. विमा फक्त थर्ड पार्टीचा, म्हणजे गाडीचं जे काही होईल ते आपल्याच खिशातून.

पाणी उतरलं त्या सकाळी शेजारच्या विंगमधल्या एका गृहस्थांनी गाडी पुसली आणि सेल्फ मारला. टक् आवाज होऊन थांबला. त्यांनी पुन्हा मारला, मग आणखी एकदा. आत लोखंड आपटल्याचा आवाज झाला आणि इंजिन बसलं. टोचन करून गाडी वालीवच्या बाजूला गॅरेजात नेली. हेड उघडलं तर कनेक्टिंग रॉड वाकलेला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असलं की वर येणारा पिस्टन त्यावर अडतो आणि सगळा जोर रॉडवर येतो. गाडी पाण्यात बुडाल्याने जेवढं नुकसान झालं असतं, त्याच्या कितीतरी पट नुकसान त्या एका चावीने केलं.

एसटीच्या आगारात उमेदीची वर्षं घालवलेले एक काका आमच्याच मजल्यावर राहतात. ते मला म्हणाले, ''चावी खिशात ठेव. आधी तेल बघ.''

डिपस्टिक ओढली तर पट्टीवर दुधाळ चहासारखा फेस. तेलात पाणी शिरलं की असंच दिसतं. एअर फिल्टरचा कागद चिखलाने जड झाला होता. म्हणजे पाणी आतपर्यंत गेलं होतं. दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडवलं. जोडताना तेच शेवटी जोडायचं, नाहीतर पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते. बॅटरी चार्जिंगला दिली, तेल काढून टाकलं, तेलाचा फिल्टर बदलला, नवं तेल भरलं, प्लग काढले. वायरिंगचे जोड उघडून पंख्याखाली चांगले सुकू दिले, इथे घाई अजिबात नको. मग बॅटरी परत जोडली आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, इग्निशन कॉइलची जोडणी सोडून, प्लग नसताना सेल्फ मारला. प्लगच्या भोकांतून गढूळ पाण्याचे फवारे उडाले. तोंड लांब ठेवा, हे काकांनी आधीच बजावलं होतं.

पहिलं भरलेलं तेल स्वस्तातलं होतं. प्लग आणि जोडण्या परत बसवल्या, इंजिन थोडा वेळ चालवून तेही काढलं, कारण पाण्याचा अंश एका फेरीत जात नाही. मग चांगलं तेल. काढलेलं तेल कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. आपल्याकडच्या गटारांचं पाणी शेवटी खाडीत जातं, ते तेल तिथे सोडणं हा गुन्हाच आहे असं मी मानतो.

पैसे वाचले ते या कामांत. तेल, फिल्टर, प्लग, बॅटरी, वायपर, बल्ब ही कामं शिकून घेतली तर कुणालाही जमतात. मजुरीचे पैसे तर वाचतातच, शिवाय कुठला पार्ट खरंच बदलायचा आहे हे कळत असल्याने गॅरेजात कोणी उगाच बिल वाढवत नाही.

ब्रेकला मात्र मी हात लावला नाही. ब्रेक ऑइल पाणी शोषतं. ते तापलं की त्यातलं पाणी उकळून वाफ होते आणि पॅडल सरळ खाली जातं. हे वसंत नगरीच्या सपाट रस्त्यावर कदाचित जाणवणार नाही. घोडबंदर रोडवर गायमुखच्या उतारावर, मागे ट्रेलर असताना जाणवेल. ड्रम साफ करणं, ब्रेक ऑइल बदलणं, गिअर ऑइल तपासणं यांचे पैसे मी गॅरेजला दिले आणि तिथे घासाघीस केली नाही. तसंच, गाडीसोबत मिळणारा जॅक फक्त स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. पेव्हर ब्लॉकवर तो कलंडतो. दोन जॅक स्टँड विकत घ्या, किंवा ते काम सोडून द्या.

ज्यांचा विमा पूर्ण आहे त्यांनाही एक सांगतो. पुराचं नुकसान पूर्ण विम्यात धरतात, पण पाणी असताना गाडी सुरू करून बिघडलेलं इंजिन साध्या पॉलिसीत सहसा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं, त्यालाही अटी असतात, तेव्हा पॉलिसीचं नूतनीकरण करताना त्या वाचा. आणि गाडी पाण्यात गेलीच, तर चिखलाची रेघ दिसेल असे फोटो आधी काढा, कंपनीला लगेच कळवा, आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत बोनेटखाली काहीही उघडू नका.