पीडीएफ बरोबर, वेबपानावर प्रश्नचिन्हं

प्रश्न : मी पदवीच्या वर्गांना गणित शिकवतो. मुलांसाठी लाटेकमध्ये मराठी टिपणं केली आहेत. पीडीएफ देखणी होते, पण मोबाइलवर ती सारखी ताणत-सरकवत वाचावी लागते. म्हणून मेकफोरएचटी वापरून तिची वेबपानं करायचं ठरवलं. मूळ फाइलला धक्का नको म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये प्रत घेतली. पान तयार झालं, पण संदर्भांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली आणि मी चौकटीत बसवलेली उदाहरणं आजूबाजूच्या मजकुरात मिसळून गेली. फाइल तीच असताना असं का व्हावं?

उत्तर : मेकफोरएचटी स्वतः काहीच रूपांतर करत नाही. तो मुकादम आहे. काम करणारे वेगळेच, आणि तेही एका रांगेत. आधी लाटेक तुमची फाइल नेहमीसारखी जुळवतो. फरक एवढाच, की त्याच्या आज्ञांना जागोजागी 'इथे परिच्छेदाची खूण टाक, इथे शीर्षकाची' अशा सूचना चिकटवलेल्या असतात. लाटेक ज्याच्यावर उभा आहे त्या टेकमध्ये डोनाल्ड कनुथ यांनी 'स्पेशल' नावाची एक आज्ञा ठेवली आहे. तिच्यातला मजकूर टेक वाचत नाही, जसाच्या तसा डीव्हीआय या आपल्या आउटपुट फाइलमध्ये उतरवतो. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या ऐतान गुरारी यांनी ही फट नेमकी हेरली आणि तिच्यातून एचटीएमएलच्या खुणा आत सोडल्या. तेच टेकफोरएचटी. गुरारी २००९मध्ये गेले. पुढे तिरुअनंतपुरमचे सी. व्ही. राधाकृष्णन आणि कार्ल बेरी यांनी ते सांभाळलं, आणि आता मिखाल होफ्टिख सांभाळतात. मेकफोरएचटी ही होफ्टिख यांचीच, लुआ भाषेत लिहिलेली करामत.

लाटेकचं झालं, की टेकफोरएचटी नावाचाच प्रोग्रॅम डीव्हीआय वाचून एचटीएमएल लिहितो आणि शेवटी टीफोरएचटी चित्रं नि स्टाइलशीट उरकतो. ही रांग डोळ्यांपुढे असली, की कुठली तक्रार कोणाच्या दारात न्यायची ते कळतं.

तुमची प्रश्नचिन्हं पहिल्याच पायरीवरची आहेत. संदर्भसूची लाटेक बनवत नाही. बिबटेक किंवा बायबर बनवतो आणि डॉट बीबीएल फाइलमध्ये ठेवतो. पीडीएफ करताना तुमचा एडिटर बिबटेकला न सांगता हाक मारत असणार. मेकफोरएचटी, तुम्ही सांगितल्याशिवाय, मारत नाही. गंमत म्हणजे जुन्याच फोल्डरमध्ये काम केलं असतंत तर पूर्वीची बीबीएल फाइल आयती सापडली असती आणि ही अडचण तुम्हाला दिसलीही नसती, निदान पुढचा संदर्भ घालेपर्यंत. तेव्हा नव्या फोल्डरने तुमचं भलंच केलं म्हणायचं.

उपाय बिल्ड फाइलचा. टेक फाइलचंच नाव आणि शेवटी डॉट एमके४, अशी फाइल शेजारी ठेवा. मेकफोरएचटी ती आपणहून उचलतो. वेगळं नाव हवं असेल तर 'डॅश ई' पुढे ते द्या. आत क्रम लिहायचा : लाटेक, मग बिबटेक, मग पुन्हा दोनदा लाटेक. पुढच्या दोन प्रोग्रॅमांची नावं घालायची गरज नाही. याच फाइलमध्ये एक अटही घाला, की 'ड्राफ्ट' पद्धतीने चालवलं तर लाटेक एकदाच फिरावा. एखादी वेलांटी सुधारून पान पाहायचं असतं तेव्हा चारही फेऱ्यांची वाट बघण्यात अर्थ नसतो.

चौकटींची गोष्ट निराळी आहे. प्रसिद्ध पॅकेजांसाठी टेकफोरएचटीबरोबर तयार जुळणी येते, पण तुम्ही घरी घडवलेल्या 'उदाहरण' एन्व्हायर्नमेंटची त्याला काय माहिती? कागदावर चौकट म्हणजे चार रेघा. वेबपानाला मात्र 'हा वेगळा भाग आहे' असं नावानिशी सांगावं लागतं. त्यासाठी डॉट सीएफजी ही दुसरी फाइल. हिचा सांगाडा ठरलेला आहे : वर 'प्रीअॅम्बल', मध्ये 'बिगिन डॉक्युमेंट', शेवटी 'एंडप्रीअॅम्बल'. यातली एक ओळ राहिली, तर मिळणारा एरर वाचून काहीही बोध होत नाही. सांगाड्याच्या आत 'कॉन्फिगरएन्व्ह' या आज्ञेने 'उदाहरण' सुरू होताना आणि संपताना कुठली खूण घालायची ते लिहा, आणि 'सीएसएस' आज्ञेने चौकटीचा रंग नि रेघ द्या. फाइल 'डॅश सी' पुढे नावाने द्यायची.

इथे एक खाच आहे. खूण घालण्याआधी चालू परिच्छेद बंद करणारी 'एंडपी' ही आज्ञा द्यायला विसरू नका. नाहीतर वेगळ्या भागाची 'डिव्ह' ही खूण परिच्छेदाच्या पोटात शिरते, ते एचटीएमएलला चालत नाही. ब्राउझर आपल्या मनाने परिच्छेद तोडतो आणि पानावर अकारण मोकळ्या जागा पडतात. मग माणूस तासन्‌तास स्टाइलशीटमध्ये समास कमी करत बसतो, आणि दोष तिथे नसतोच.

तुम्ही विचारलं नाहीत, पण गणिताचे शिक्षक म्हणून समीकरणांचाही निर्णय करून टाका. जुन्या रीतीने अवघड समीकरणांची चित्रं होतात. मोबाइलवर ती मजकुरासारखी लहानमोठी होत नाहीत. मॅथजॅक्सचा पर्याय निवडला तर लाटेकमधलं समीकरण जसंच्या तसं पानात जातं आणि ब्राउझरमध्ये मांडलं जातं. पण तुमच्या स्वतःच्या आज्ञा मॅथजॅक्सला पुन्हा शिकवाव्या लागतात. मॅथएमएल या तिसऱ्या पर्यायात ही कटकट नाही, कारण त्या आज्ञा लाटेकने आधीच उलगडलेल्या असतात. क्रोममध्ये मॅथएमएल नव्हतं म्हणून लोक कचरत; जानेवारी २०२३मध्ये आवृत्ती १०९पासून ते आलं. मी तुमच्या जागी असतो तर मॅथएमएलच घेतलं असतं. हा पर्याय फाइलच्या नावानंतर अवतरणचिन्हांत लिहायचा असतो. डॅशवाले सगळे नावाच्या आधी.

आणि मराठीसाठी 'डॅश एल' लावा, म्हणजे फाइल लुआलाटेककडून जुळवली जाईल. पीडीएफला अक्षरांचे आकार पुरतात, वेबपानाला मूळ अक्षरं हवीत. पहिली वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, पण युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवलेली असते. म्हणून पान झाल्यावर ब्राउझरच्या शोधात 'स्थिती' टाइप करून पाहा. डोळ्यांना दिसणारा शब्द शोधात सापडत नसेल, तर पान अजून तयार नाही.

प्रश्न : एवढ्या खटाटोपापेक्षा पॅनडॉक बरं नाही का? (याच वाचकांचं पुढचं पत्र)

उत्तर : शीर्षकं, परिच्छेद, याद्या आणि साधी समीकरणं एवढंच असेल तर नक्की बरं. पॅनडॉक लाटेकला चालवत नाही, फाइल स्वतः वाचतो. त्यामुळे झटपट होतो आणि अनोळखी पॅकेज दिसलं की गोंधळतो. तिसरी वाट लाटेकएमएलची. अमेरिकेतल्या निस्ट या मानक संस्थेत ब्रूस मिलर यांनी ते गणिती फलनांच्या डिजिटल ग्रंथासाठी रचलं, आणि डिसेंबर २०२३पासून अर्काइव्ह या संकेतस्थळावरच्या शोधनिबंधांची एचटीएमएल पानं त्यानेच बनतात. तुमच्या टिपणांत स्वतःच्या आज्ञा आणि चौकटी भरपूर आहेत, म्हणून मेकफोरएचटी सोडू नका. मात्र एखाद्या प्रकरणात तसलं काहीच नसेल, तर तेवढं पॅनडॉकला द्यायला माझी हरकत नाही.