कोडगी नव्हे ती

"कितीही ओरडा, ढिम्म! कोडगी झालीय नुसती." समुपदेशनाच्या खोलीत आईबाबांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की हल्ली मी आधी लेकराकडेच बघते. डोळे उघडे, नजर भिंतीपलीकडे. ते तिथं नसतंच.

मार, घरातली सततची भांडणं, नको ते स्पर्श सोसणाऱ्या लहान मुलाला पळून जाता येत नाही. मग मनच पळतं. अंग जागेवर आणि आपण जणू छताजवळून बघतोय. याला डिसोसिएशन म्हणतात. फ्रान्सच्या मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १८८९मध्येच त्यावर लिहून ठेवलंय. त्या वेळी या पळवाटेनंच मूल तगलं. पण धोका टळला तरी मन सवयीनं पळत राहतं, वर्गात बाईंचा आवाज चढला तरी. (आधी डॉक्टरांना मात्र दाखवा. फिट्सच्या एका प्रकारातही मूल काही सेकंद असंच शून्यात जातं.)

थेरपीत पहिल्याच दिवशी जुनं उकरतात, ही भीती सोडा. मानसोपचारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी १९९२च्या पुस्तकात क्रम मांडलाय: आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि त्यांचा शोक, मग पुन्हा माणसांत येणं. पहिल्या पायरीलाच कधी कधी महिने लागतात. त्या काळात आम्ही नुसती चित्रं काढतो, माती मळतो. "फी कशाची घेता?" असंही एका बाबांनी विचारलं होतं.

मूल असं शून्यात हरवलं की गदागदा हलवू नका. हळू आवाजात नाव घ्या, आज वार कुठला, आपण कुठं आहोत ते सांगा, हातात गार पाण्याचा पेला द्या. आणि थेरपीहून परतताना रिक्षात "काय काय सांगितलंस?" नको. भेळ खायची का, विचारा.

आता अवघड बोलते. ज्या नातेवाइकानं मुलाला नको तो स्पर्श केला, तो दिवाळीला तुमच्याच पंगतीत बसणार असेल, तर माझ्याकडचा तास फुकट. लोक काय म्हणतील, हे मलाही कळतं. तरीही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं २०१२च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर फोन केलात तरी मदत मिळते.

आणि एक, जरा बिचकतच विचारते. हे वाचताना तुमचंच मन मध्ये कुठं निघून गेलं का? टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ मोफत आहे. मराठीत बोलता येतं.