फेअर टॅक्स आला तर? अमेरिकेतल्या मराठी घराचा हिशेब

पगारातून कापला जाणारा केंद्रीय प्राप्तिकर बंद, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात बंद, आयआरएस हे खातंच बंद. त्याऐवजी खरेदीच्या बिलावर एकच राष्ट्रीय विक्रीकर. ‘फेअर टॅक्स’चं विधेयक थोडक्यात हे. 1999 मध्ये जॉर्जियाचे खासदार जॉन लिंडर यांनी ते पहिल्यांदा आणलं. जानेवारी 2025 मध्ये त्याच राज्याचे बडी कार्टर यांनी ते पुन्हा दाखल केलं. प्रतिनिधीगृहात त्यावर आजवर एकदाही मतदान झालेलं नाही. तरीही ‘इन्कम टॅक्स जाणार’ हे शब्द कानाला गोड लागतात, म्हणून हे विधेयक तुमच्या घराला केवढ्याला पडेल, हे आधी पाहून ठेवलेलं बरं.

दर 23 की 30?

विधेयकात 23 टक्के लिहिलं आहे, पण ते करासहित किमतीवर. वस्तू 77 डॉलरची, कर 23 डॉलर, बिल 100 डॉलरचं. भारतात जीएसटी मूळ किमतीवर मोजतात. त्या रीतीने हा दर जवळपास 30 टक्के होतो. राज्याचा विक्रीकर वेगळा (न्यू जर्सीत तो 6.625 टक्के आहे), आणि राज्याचा प्राप्तिकर रद्द करणं केंद्राच्या हातात नाही.

एवढ्या दरात सरकारचं भागेल का, हाही वाद आहे. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नेमलेल्या सल्लागार समितीने 2005 मध्ये असा विक्रीकर तपासला होता. नुसत्या प्राप्तिकराची जागा भरायलाच मूळ किमतीवर 34 टक्के दर लागेल आणि करचुकवेगिरी वाढली तर त्याहून बराच जास्त, असं तिच्या अहवालात आहे.

कर कशावर?

- लागेल: किराणा, औषधं, डॉक्टरची फी, घरभाडं, नवी गाडी, नवं बांधलेलं घर, वकील, केशकर्तन. मूल सांभाळायला घरी बाई ठेवली असेल, तर तिच्या पगारावरही.
- लागणार नाही: वापरलेली गाडी, जुनं घर, शाळा-कॉलेजची फी, शेअर आणि बचत. घरी भारतात पाठवलेले पैसे हा अमेरिकेतला उपभोग नव्हे, म्हणून त्यावरही नाही.

किराण्याला सूट नाही, हे वाचून दचकू नका. तिची भरपाई दुसऱ्या वाटेने केली आहे.

दरमहा परतावा

सरकारी दारिद्र्यरेषेइतक्या खर्चावरचा कर प्रत्येक पात्र कुटुंबाला महिन्याच्या महिन्याला आगाऊ मिळेल. उत्पन्नाची अट नाही. 2025 च्या दारिद्र्यरेषेनुसार एकट्या व्यक्तीला महिन्याला सुमारे 300 डॉलर, तर नवराबायको आणि दोन मुलांना सुमारे 810 डॉलर, म्हणजे वर्षाला 9,729.

खरी मेख अटीत आहे. कुटुंबात मोजलं जाण्यासाठी माणूस कायदेशीर रहिवासी हवा आणि त्याच्याकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक हवा. एच-4 व्हिसावरच्या, कामाचा परवाना नसलेल्या जोडीदाराला हा क्रमांक साधारणपणे मिळत नाही. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबाही मोजले जाणार नाहीत, मात्र त्यांच्या दूध-भाजीवर आणि औषधांवर कर लागेल.

एका घराचा हिशेब

नवराबायको, अमेरिकेत जन्मलेली दोन लहान मुलं, एकाचाच पगार, वर्षाला 1 लाख 20 हजार डॉलर. किमती आणि पगार आजच्याइतकेच धरले आहेत.

आज (2025 चे नियम):
- प्राप्तिकर, प्रमाणित वजावट आणि मुलांची करसवलत धरून: 5,743
- सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर, 7.65 टक्के: 9,180
- एकूण: 14,923 डॉलर

फेअर टॅक्समध्ये (करपात्र खरेदी, आजच्या किमतीने 70 हजार):
- कर: 20,909
- परतावा वजा: 9,729
- निव्वळ: 11,180 डॉलर

म्हणजे वर्षाला 3,743 डॉलर वाचले. आता पत्नीकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही असं धरा. परतावा 6,130 वर येतो, निव्वळ कर 14,779 होतो आणि बचत उरते 144 डॉलर. पगार तोच, खर्च तोच. फरक फक्त एका क्रमांकाचा.

समर्थकांचं म्हणणं असं की, उद्योगांवरचे कर गेले की मूळ किमती उतरतील आणि मालकाच्या वाट्याचे 7.65 टक्केही वाचतील. तसं झालं तर तुमचा फायदा वाढेल. पण ते पैसे ग्राहकाला मिळतील, नोकराला की मालकाला, याची हमी विधेयक देत नाही.

कोणाला जड जाईल?

सर्वांत जड निवृत्तांना. समजा, एका जोडप्याने आयुष्यभर कर भरून साठवलेल्या पैशातून वर्षाला 60 हजारांची करपात्र खरेदी केली. आज त्या पैशाच्या मुद्दलावर कर नाही. फेअर टॅक्समध्ये परतावा वजा जाऊनही सुमारे 10,700 डॉलर द्यावे लागतील. रॉथ खात्याचं तसंच: कर आधीच भरलेला, आता खर्च करताना पुन्हा. उलट पारंपरिक 401(के) वाल्याचा पैसे काढतानाचा प्राप्तिकर सुटतो आणि फक्त खरेदीवरचा कर उरतो. ज्याची कमाई मोठी, खर्च कमी आणि बाकीचं गुंतवणुकीत जातं, त्याची चांदी.

तुम्ही काय करावं?

1. बँक आणि कार्डाची वर्षभराची विवरणं घेऊन करपात्र खरेदीची बेरीज करा. तिला 0.30 ने गुणा.
2. घरात सोशल सिक्युरिटी क्रमांक किती जणांकडे आहे ते मोजून परतावा वजा करा.
3. आलेला आकडा मागच्या वर्षीच्या 1040 फॉर्मवरचा कर आणि डब्ल्यू-2 वरची सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरची कपात यांच्या बेरजेशी ताडून पाहा.
4. या चर्चेपायी रॉथ खातं मोडू नका आणि घराची खरेदी घाईने उरकू नका.

विधेयकात एक कलम असंही आहे की, प्राप्तिकराचा अधिकार देणारी सोळावी घटनादुरुस्ती सात वर्षांत रद्द झाली नाही, तर हा विक्रीकरच संपेल. घटनादुरुस्ती रद्द करायला तीन चतुर्थांश राज्यांची संमती लागते. तुम्हाला मताचा हक्क असेल, तर तुमच्या खासदाराला दरापेक्षा दोन प्रश्न विचारा: परताव्यातून वगळलेल्या जोडीदाराचं काय, आणि कर भरून झालेल्या बचतीचं काय? उत्तर मिळो न मिळो, विवरणपत्र भरायची मुदत 15 एप्रिलच आहे.