फलकाची मागची बाजू

लहान मुलाने काढलेले चित्र म्हणजे निव्वळ रेघोट्या, असे पूर्वी पुष्कळांना वाटे. मोठ्या माणसाने काढलेले चित्र समोर ठेवावे आणि मुलांनी त्याची हुबेहूब नक्कल करावी, एवढाच चित्रकलेच्या तासाचा अर्थ असे. फ्रान्झ चिझेक या शिक्षकांना हे पटले नाही. १८९७ साली त्यांनी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात मुलांसाठी चित्रकलेचा वर्ग काढला आणि मुलांना आपल्या मनातील चित्रे काढू दिली. आपल्या देशात व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ साली दिल्लीत मुलांची चित्रस्पर्धा सुरू केली. पुढे तीत देशोदेशींची मुले भाग घेऊ लागली. मुलांच्या चित्रांकडे आदराने पाहिले पाहिजे, हे अशा प्रयत्नांमुळे लोकांना कळू लागले.

परंतु चित्र पाहावयाचे, तर ते कोठे तरी लावले पाहिजे. वहीत मिटलेले चित्र कोणाला दिसणार?

कृष्णाकाठच्या एका गावातील शाळेत हाच प्रश्न उभा राहिला. सातवीच्या वर्गात ४५ मुलेमुली होती. त्यांची चित्रे भिंतीवर चिकटवली, की पावसाळ्यात ती ओल धरीत. काढावयास गेले, तर चित्रे फाटत आणि भिंतीच्या चुन्याचे पोपडेही निघत. शेवटी गुरुजी म्हणाले, "मुलांनो, विकतचा फलक आणण्याइतके पैसे आपल्याजवळ नाहीत. पण हात आहेत. फलक आपणच करू."

दुसऱ्या दिवशी मुलांनी किराणा दुकानातून पुठ्ठ्याची रिकामी खोकी मागून आणली. अशा पुठ्ठ्याचे दोन सपाट थर असतात आणि त्यांच्यामध्ये छपराच्या पत्र्यासारखा पन्हळदार कागद असतो. पन्हळी ज्या दिशेने जातात, त्या दिशेने पुठ्ठा ताठ राहतो. आडव्या दिशेने तो सहज वाकतो. म्हणून मुलांनी पुठ्ठ्याचे दोन थर एकमेकांवर चिकटवले. एका थराच्या पन्हळी उभ्या ठेवल्या, तर दुसऱ्याच्या आडव्या. एका थरातील सांध्यावर दुसऱ्या थराचा अखंड भाग येईल, अशीही काळजी घेतली. १२० सेंटीमीटर लांब आणि ९० सेंटीमीटर उंच असा जाड फलक तयार झाला.

चिकटवण्यासाठी खळ शिजवली होती. प्रथम थंड पाण्यात मैदा कालवून गुठळ्या मोडल्या. मग मंद आचेवर तो सतत ढवळला. आचेने पिठाचे कण फुगतात आणि खळ घट्ट व चिकट होते. शेवटी मुलांनी फलकाच्या दर्शनी बाजूस खळ लावून खाकी कागद चिकटवला आणि तो उन्हात वाळत ठेवला.

सायंकाळी पाहतात तो काय! फलक धनुष्यासारखा वाकला होता. भिंतीला टेकवला, तर मधला भाग भिंतीला लागे आणि चारी कोपरे पुढे येत. कोणी त्यावर उभे राहून तो दाबला, कोणी उलट बाजूने वाकवून पाहिला. पण हात काढताच फलक पुन्हा वाकडा होई. दोन दिवसांची मेहनत वाया गेली, असे वाटून मुले हिरमुसली.

वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा बसत असे. त्याचे वडील पुस्तकबांधणीचे काम करीत. चित्रकलेत त्याला गती नव्हती. आपले चित्र कोणी पाहू नये, म्हणून तो वही नेहमी हाताने झाकून धरी. तो संकोचत उठला आणि म्हणाला, "गुरुजी, मागच्या बाजूलाही असाच कागद लावावा लागेल."

मुले हसू लागली. "मागची बाजू तर भिंतीकडे असणार! ती पाहणार कोण?" एकाने विचारले.

"पाहण्यासाठी नव्हे," तो मुलगा म्हणाला. "खळीने भिजला, की कागद पसरतो आणि वाळताना आवळतो. पुढचा कागद फलकाला पुढे ओढतो आहे. मागून ओढणारे कोणीच नाही. माझे वडील पुस्तकाच्या पुठ्ठ्याला बाहेरून कापड लावतात, तेव्हा आतूनही कागद लावतात."

गुरुजींनी लगेच प्रयोग करण्यास सांगितले. पुठ्ठ्याचे दोन सारखे तुकडे घेतले. एकाच्या एका बाजूस कागद चिकटवला, दुसऱ्याच्या दोन्ही बाजूंस. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला तुकडा वाकलेला होता. दुसरा मात्र सरळ होता. आता कोणी हसले नाही.

मग त्या मुलाच्या सांगण्याप्रमाणे काम सुरू झाले. फलकाच्या मागे त्याच जातीचा कागद, त्याच दिशेने, तितकीच खळ लावून चिकटवला. फलक सपाट फरशीवर ठेवून त्यावर पाट मांडले, पाटांवर पुस्तकांचे गठ्ठे रचले आणि दोन दिवस तो सावलीत वाळू दिला. तिसऱ्या दिवशी ओझे काढले, तेव्हा फलक सरळ झाला होता. वरच्या व खालच्या कडेस बांबूच्या कामट्या सुतळीने बांधल्या आणि वर टांगण्यासाठी दोन फासे केले. ऊन लागले, की चित्रांचे रंग उडतात; ओल लागली, की कागद कुजतो. म्हणून उन्हापासून दूर, कोरड्या भिंतीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर फलक टांगला.

आता चित्रे लावावयाची होती. प्रत्येक चित्र २८ सेंटीमीटर लांब व २० सेंटीमीटर उंच होते. मुलांनी हिशेब केला. एका रांगेत तीन चित्रे आणि चार मोकळ्या जागा, प्रत्येकी ९ सेंटीमीटर. अशा तीन रांगा, त्यांच्या वर, खाली व मध्ये साडेसात सेंटीमीटर जागा. म्हणजे फलकावर नऊ चित्रे मावत होती. टाचणी चित्रात न खुपसता कडेला लागून बसवली, की तिच्या डोक्याखाली कागद धरला जातो आणि चित्राला भोक पडत नाही, हेही त्यांना उमगले.

"वर्गातील सर्वांत चांगली नऊ चित्रेच लावू," काही जण म्हणाले.

गुरुजींनी फलक किंचित पुढे ओढून त्याची मागची बाजू दाखवली आणि विचारले, "फलक सरळ कशामुळे राहिला?"

मुले क्षणभर गप्प राहिली. मग वर्गनायिका म्हणाली, "गुरुजी, दर शनिवारी हजेरीपटाप्रमाणे नऊ जणांची चित्रे लावू. पाच आठवड्यांत सर्वांची पाळी येईल." सर्वांना ते पटले.

बांधणीकाराच्या मुलाचे नाव हजेरीपटात शेवटच्या नवांत होते. पाचव्या शनिवारी त्याचे चित्र लागले. त्यात कागदांचा गठ्ठा शिकंज्यात आवळणारे दोन हात होते. बोटे थोडी वाकडी आली होती. पण त्या हातांतील जोर पाहणाऱ्याला जाणवत होता. मुले चित्राभोवती जमली. तो मात्र बाजूला उभा होता. त्याने हळूच हात फलकामागे घातला आणि कागद नीट चिकटलेला आहे की नाही, ते चाचपून पाहिले.

स्वाध्याय
१. फलक वाळल्यावर का वाकला?
२. बांधणीकाराच्या मुलाचे म्हणणे खरे आहे, हे कोणत्या प्रयोगाने सिद्ध झाले?
३. फलकाची मागची बाजू दाखवून गुरुजींना काय सुचवावयाचे होते?
४. तुमच्या वर्गातील मुलांची संख्या मोजा. नऊ चित्रांच्या फलकावर सर्वांची पाळी किती आठवड्यांत येईल?